दोन मिनिटं, नाहीतर पाऊण तास

मिरकरवाड्याच्या शेडमध्ये सकाळी सहाला
म्हाकूल येतं तेव्हा पुरतं मेलेलं नसतं.
म्हणजे मेलेलं असतं,
पण कातडीला अजून कुणी कळवलेलं नसतं:
तांबूस ठिपके उघडतात, मिटतात,
बोट लावलं की तिथला रंग पळतो.

डोकं धरायचं, ओढायचं.
आतडी, शाईची पिशवी, सगळं एका हिसक्यात.
मग पाठीतली ती काचेसारखी पात.
सासू म्हणायची, ह्याचं हाड देवानं घाईत केलंन.
मग कातडी, ओल्या मोज्यासारखी उतरते.
माझ्या शेजारी जुबेदा होडेकर, तेवीस वर्षं.
माझी अठरा.

वडलांच्या होडीवर ह्याला किंमत नव्हती.
घोळीच्या गळाला आमिष म्हणून लावायचे,
उरलं तर घरी.
पाहुणा आला की टोप आत सरकवायचा,
म्हाकूल शिजलं म्हणजे सुरमई परवडली नाही,
असा अर्थ व्हायचा.
आता त्याच्या पेटीला पट्ट्या बांधतात
आणि ते जातं तिथं आम्ही जात नाही.

जुबेदाचा इम्तियाज बोटीवर भंडारी.
कुठल्या कुठल्या बंदरातून फोन लावतो, चित्रासकट.
ती फोन टोपलीला टेकवून ठेवते,
हात थांबवत नाही.
"अम्मी, हे बघ स्पेन. शाई घालून भात काळा केलाय."
तीच शाई आम्ही रोज नळाखाली सोडतो,
गटार काळं, थेट समुद्रापर्यंत.
"करपला नाय ना रे?" ती विचारते.
कोरियात वाळवून, चपटं करून, जाळावर भाजून
चघळत बसतात म्हणे रात्र रात्र.
सुक्या बोंबलासारखंच की, मी म्हटलं.
जपानात कच्चं.
इथं जुबेदा गप्प झाली. दोन किलो साफ झाल्यावर म्हणाली,
कच्चं तर आपण पण हाताळतो. खात नाय एवढंच.
ग्रीसमध्ये तळतात, वर लिंबू.
"लिंबू? आमसूल नाय टाकलान?"
"त्यांच्याकडे आमसूल नसतं, अम्मी."
ती हळहळली,
कुणाच्या परसात विहीर नाही असं कळावं तशी.

एकदा त्यानं तिकडच्या गोदामात पेटी उघडून दाखवली.
वर फक्त भारत, एवढंच छापलेलं.
जवळ धर, मी म्हटलं.
काप सरळ होता, कडेला जरासा फाटलेला.
"ही माझी नाय. तुझ्या आईची पण नाय.
आम्ही फाडत नाय."
तो हसला, आणि तिथंच चित्र अडकलं:
तोंड अर्धं उघडं, मागं पांढऱ्या पेट्या,
दुपारच्या अजानपर्यंत तसाच.

रांधायला त्याला हिनंच शिकवलं,
पहिल्या बोटीच्या आदल्या रात्री, चुलीपाशी:
म्हाकूल दोन मिनिटं, नायतर पाऊण तास.
मधेच उतरवलंस तर रबर,
मग दातांना बोल लावू नको.

नऊ महिन्यांनी येतो तो, बावीस दिवस राहतो.
एकदा बर्फ फोडता फोडता, माझ्याकडे न बघता,
ती म्हणाली, ह्याचं येणं पण मधलंच होतं गं.
धड पटकन नाय, धड निवांत नाय.
चावत बसायचं.

शनिवारी हिशेब.
मुकादम वही पुढे करतो, सवयीनं शाईचा पॅडही.
जुबेदा पॅडकडे बघत नाही.
अंगठा नुसता टेकवते,
उठतो निळसर काळा, रेघ न् रेघ.
वहीला वास मारतो, तो कुरकुरतो.

तुटकी म्हाकुलं आम्ही दोघी वाटून घेतो.
कांदा, खोबरं, मिरची, झाकण.
आगळ शेवटी घालायचं.
तोवर बसले आहे.